आईच्या केसपेपरवरचे ‘गंधक’: आरोग्य नोंदींची मानके ठरवणाऱ्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
आरोग्य नोंदींची संगणकीय मानके ठरवणारे केंद्र व राज्य शासनाचे अधिकारी,
रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली निवडणाऱ्या समित्या,
आणि त्या प्रणाली घडवणारे अभियंते यांस

विषय: औषधे, अ‍ॅलर्जी आणि विषबाधा यांच्या नोंदींत द्रव्याची ओळख प्रमाणित पद्धतीने नोंदवणे बंधनकारक करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी सोलापुरात गेली सव्वीस वर्षे औषधनिर्माती म्हणून काम करते. त्यातली पहिली काही वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात गेली आणि पुढची सारी शहराच्या पूर्व भागातल्या एका दुकानाच्या काउंटरमागे. माझ्याकडे येणारा माणूस मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतो, पिशवीतून अर्धवट कापलेल्या स्ट्रिप काढतो आणि ‘हीच गोळी द्या’ म्हणतो. ती गोळी नेमकी कशाची आहे हे ओळखणे हा माझ्या कामाचा गाभा आहे. हेच ओळखण्याचे काम आता आपण संगणकावर सोपवत आहात, आणि ते करण्यासाठी संगणकाला लागणारी सर्वांत मूलभूत गोष्ट, म्हणजे द्रव्याची निःसंदिग्ध ओळख, आपण ऐच्छिक ठेवली आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि ते सर्वांना वाचता यावे म्हणून खुले ठेवत आहे.

इंग्रजीत ज्याला सबस्टन्स म्हणतात त्याला मी या पत्रात ‘द्रव्य’ म्हणते. औषधातला सक्रिय घटक, गोळी बांधणारे लॅक्टोज, सिरपमधले ग्लिसरीन, शेंगदाण्यातले प्रथिन, हातमोज्यातले लॅटेक्स, डाळिंबावर फवारलेले कीटकनाशक ही सारी द्रव्येच आहेत. रुग्णाच्या शरीरात जे गेले, जे जाणार आहे आणि जे कधीही जाऊ नये, ते सारे यात येते.

हा प्रश्न माझ्यासाठी कागदावरचा नाही. माझ्या आईने चाळीस वर्षे बिड्या वळल्या. तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेले आणि उतारवयात दमा मागे लागला. २०१९ मध्ये तिला लघवीचा संसर्ग झाला म्हणून को-ट्रायमोक्साझोल दिले गेले. तिसऱ्या दिवशी अंगावर चट्टे उठले, नंतर फोड आले, तोंड आतून सोलले गेले आणि ती अकरा दिवस रुग्णालयात होती. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लाल शाईने ‘सल्फाची अ‍ॅलर्जी’ असे लिहून दिले. त्या कार्डाला प्लास्टिकचे कव्हर घालून ते मी घरात देवाच्या फोटोमागे ठेवले आहे.

पुढे काही वर्षांनी दम्याचा जोर वाढला म्हणून आम्ही तिला शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात नेले. नोंदणीच्या खिडकीवर मी ते कार्ड दाखवले. ऑपरेटर मुलगा कामसू होता, त्याने लगेच अ‍ॅलर्जीच्या रकान्यात नोंद केली. मात्र त्याने इंग्रजीत जो शब्द टंकित केला त्याचा अर्थ ‘सल्फर’ असा होतो, आणि छापून आलेल्या मराठी केसपेपरवर त्याचे ‘गंधक’ झाले. सल्फा हा जीवाणूविरोधी औषधांचा एक गट आहे, सल्फर हे मूलद्रव्य आहे आणि सल्फेट हा अनेक औषधांना जोडलेला क्षाराचा भाग आहे. या तिघांचा एकमेकांशी असलेला संबंध अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने जवळजवळ आडनावबंधूंइतकाच आहे. सल्फा सोसत नाही अशा रुग्णाला सल्फेट क्षार चालतो, गंधकाचे मलम चालते, आणि वैद्यांनी सांगितले तर गंधक रसायनही केवळ सल्फाच्या कारणाने वर्ज्य ठरत नाही.

वॉर्डात गेल्यावर आईला तातडीने वाफ द्यायची होती. सिस्टरने औषधाची नोंद करताच पडद्यावर लाल पट्टी आली. वाफेचे औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, आणि ते औषधांच्या यादीत ‘साल्ब्युटामॉल सल्फेट’ या नावाने भरलेले होते. यंत्राने अक्षरांना अक्षरे जुळवली आणि औषध थांबवले. सिस्टरने सूचना पाळली, तिचे काहीच चुकले नाही. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून येऊन ती सूचना रद्द करेपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास माझी आई पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून श्वास ओढत होती आणि मी, जिला हे औषध निर्धोक आहे हे पक्के ठाऊक होते, ती पडद्यापुढे हात जोडून उभी होते.

तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा लघवीची जळजळ सुरू झाली आणि संगणकावरून एक गोळी लिहून दिली गेली. या वेळी कोणतीही पट्टी आली नाही. औषध विभागातून आलेली स्ट्रिप मी सवयीने उलटी करून वाचली. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते: सल्फामेथॉक्साझोल ८०० मिग्रॅ, ट्रायमेथोप्रिम १६० मिग्रॅ. म्हणजे तिला मरणाच्या दारात नेणारे तेच को-ट्रायमोक्साझोल, दुप्पट ताकदीच्या गोळीच्या रूपात. प्रणालीत त्या गोळीचे फक्त व्यापारी नाव होते आणि त्या नावात ‘सल्फ’ ही अक्षरे नव्हती. ज्याने धोका नव्हता ते प्रणालीने अडवले आणि ज्याने धोका होता त्याला वाट मोकळी करून दिली. लेक औषधनिर्माती नसलेल्या आईचे काय झाले असते, हा विचार मला अजूनही झोपू देत नाही.

मी त्या रुग्णालयाला लेखी कळवले. त्यांनी सौजन्याने उत्तर दिले, नोंद दुरुस्त केली आणि पुरवठादाराकडे विषय नेला. त्यानंतर एका नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणाला मला बसता आले. तिथे हाच प्रश्न विचारला, तेव्हा सांगण्यात आले की औषध आणि अ‍ॅलर्जीच्या रकान्यांत हवा तो मजकूर टंकित करण्याची मुभा राहील, प्रमाणित संकेतांक ऐच्छिक असेल आणि बाकीचे ‘पुढच्या टप्प्यात’ पाहू. तो पुढचा टप्पा मला मान्य नाही. एकदा लाखो नोंदी मोकळ्या मजकुरात साठल्या की त्या मागाहून नीट करणे हे विस्कटलेल्या मागावर पुन्हा ताणा जोडण्यापेक्षा अवघड असते, हे विणकरांच्या या शहराला समजावून सांगावे लागत नाही.

माझा पहिला आक्षेप याच गोष्टीवर आहे: नाव म्हणजे ओळख नव्हे. आपल्याकडचे पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन या नावाने विकले जाते, आपले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते आणि अ‍ॅड्रेनलिनचे एपिनेफ्रिन होते. भारतातल्या भारतातही एकाच द्रव्याची असंख्य व्यापारी नावे आहेत, आणि एकाच व्यापारी नावाला एखादे अक्षर किंवा ‘प्लस’ जोडले की आतली द्रव्ये बदलतात. याच अडचणीतून जगाने मार्ग काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ मध्ये द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय अव्यापारी नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. रसायनांच्या ‘सीएएस’ या नोंदवहीत पॅरासिटामॉलचा क्रमांक १०३-९०-२ आहे आणि त्याला कोणत्याही देशात कोणत्याही भाषेत हाक मारली तरी तो क्रमांक बदलत नाही. अमेरिकेचे औषध प्रशासन प्रत्येक द्रव्याला दहा अक्षर-अंकी स्वतंत्र ओळख देते. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञासंग्रहात प्रत्येक द्रव्याला संकेतांक तर आहेच, शिवाय त्या संकेतांकाखाली कितीही समानार्थी नावे, कितीही भाषांत, ठेवता येतात. ‘अमोक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले आहे’ असे नातेही त्यात नोंदवलेले असते, म्हणून पेनिसिलिन वर्ज्य असलेल्या रुग्णाला अमोक्सिसिलिन लिहिले तर संगणकाला अक्षरे न जुळताही धोका ओळखता येतो.

नात्यांच्या बाबतीतही विवेक लागतो, हे इथेच नोंदवते. रसायनशास्त्राच्या काटेकोर अर्थाने फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधातही सल्फोनामाइडचा अंश आहे, परंतु सल्फा प्रतिजैविकांची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला ते बाधते याला भक्कम आधार नाही. रासायनिक कूळ आणि अ‍ॅलर्जीचे कूळ वेगळे ठेवणारी रचना हवी, नाहीतर खोट्या सूचनांचा इतका पाऊस पडेल की खरी सूचना आली तरी डॉक्टर ती न वाचता बंद करतील. माझ्या आईच्या वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, ‘दिवसभर लालच दिसतं हो, कुठलं खरं धरायचं?’ त्यांचा हा प्रश्न मी तुमच्यापर्यंत जसाच्या तसा पोचवते.

दुसरा आक्षेप क्षार (मूळ औषधी द्रव्य ज्या जोडीदार अंशासह गोळीत येते ते रूप) आणि मात्रेविषयी आहे. काउंटरवर रोज दिसणारे उदाहरण रक्तदाबाच्या गोळीचे आहे. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिग्रॅ हे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिग्रॅच्या बरोबरीचे धरले जाते. पहिले सावकाश सुटणारे म्हणून साधारणपणे दिवसातून एकदा घेतात आणि दुसरे विभागून. प्रणालीत नुसते ‘मेटोप्रोलॉल ५०’ असे आले तर पुढच्या माणसाने काय समजावे? फेनिटॉइन सोडियमच्या १०० मिग्रॅमध्ये फेनिटॉइन सुमारे ९२ मिग्रॅ असते. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिग्रॅ असते, आणि गरोदर स्त्रियांना शासनाकडून मिळणाऱ्या गोळीवरचा ६० मिग्रॅ हा आकडा मात्र प्रत्यक्ष लोहाचा असतो. एक आकडा क्षाराचा आणि दुसरा मूळ द्रव्याचा असेल, आणि नोंदीत ते सांगण्याची जागाच नसेल, तर दोन आकड्यांची तुलना करणारा संगणक अचूक वजाबाकी करून चुकीचे उत्तर देईल.

एकाच गोळीत अनेक द्रव्ये असलेल्या मिश्रणांचे दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ताप, सांधेदुखी आणि सर्दी यांसाठी तीन ठिकाणांहून आलेल्या तीन चिठ्ठ्यांत तीन वेगळ्या नावांखाली पॅरासिटामॉलच असते, आणि प्रौढासाठी दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली हे रुग्णाला कळतही नाही. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली. बंदीच्या अधिसूचना द्रव्यांच्या नावांनी निघतात आणि आमचे साठे व्यापारी नावांनी भरलेले असतात. त्यामुळे रात्र जागून एकेक स्ट्रिप उलटून पाहावी लागते. प्रत्येक मिश्रणाचे घटक संकेतांकांनिशी नोंदवलेले असते, तर हे काम एका शोधात झाले असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. द्रव्याचा प्रकार आणि त्या द्रव्याचा प्रत्यक्ष हातात असलेला नग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ग्लिसरीन’ हा प्रकार झाला, आणि अमुक पुरवठादाराकडून अमुक दिवशी आलेला अमुक बॅचचा पिंप हा नग झाला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्या वेळी मी शाळेत होते. पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकताना आमच्या सरांनी ते प्रकरण सांगितले तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला वाटले होते की हे पुन्हा आपल्या देशात होणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात लहान मुले दगावली. कफ सिरपच्या एका बॅचमध्ये तेच डायइथिलीन ग्लायकोल सापडले. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष, पुन्हा औषध म्हणून चमच्याने दिलेले.

ती बातमी आली त्या आठवड्यात आम्हा दुकानदारांच्या मोबाइलवर बॅच क्रमांकाचे फोटो फिरत होते. तो माल आपल्याकडे आला होता का, आला असेल तर कोणाच्या घरी गेला, याचा शोध आम्ही बिलांच्या गठ्ठ्यांतून घेतला. ज्या रुग्णाच्या नोंदीत बॅच क्रमांक नाही त्याच्यापर्यंत पोचायचे कसे? आईच्या २०१९ मधल्या त्रासाची माहिती औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला कळवण्यासाठी मी स्वतः अर्ज भरला होता. त्यात औषधाचा बॅच क्रमांक विचारलेला असतो. तो रकाना मला रिकामा सोडावा लागला, कारण रुग्णालयाच्या नोंदीत फक्त गोळीचे नाव होते.

आपल्याकडे यासाठी लागणारी अर्धी तयारी झालेली आहे, म्हणून अधिक वाईट वाटते. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला. त्यात अव्यापारी नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. वेष्टन बोलायला तयार आहे, पण बहुतेक ठिकाणी आमच्यासारखी माणसे तीच माहिती चष्मा लावून पुन्हा हाताने टंकित करत आहेत, आणि हाताने टंकित केलेल्या बॅच क्रमांकात शून्य आणि ओ यांची अदलाबदल होते.

आता औषधांच्या पलीकडचे सांगते, कारण सोलापूर जिल्ह्यात त्याला पर्याय नाही. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांत डाळिंबाच्या बागा आहेत, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आमच्याच शहरात आहे. बाग म्हटली की फवारणी आली, आणि फवारणी आली की विषबाधा आली, कधी अपघाताने आणि कधी हताशेने. गावातल्या दवाखान्यातून रुग्ण शहरात पाठवला जातो तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘कीटकनाशक प्यायले’ एवढेच असते किंवा बाटलीवरचे व्यापारी नाव असते. सेंद्रिय फॉस्फरस गटातले विष असेल तर अ‍ॅट्रोपिन लागते आणि त्याच्या जोडीला प्रालिडॉक्झिमचा विचार होतो. पायरेथ्रॉइड गटात ही दोन्ही कामाची नसतात. पॅराक्वॅट या तणनाशकाला तर उताराच नाही, आणि त्यात नेहमीसारखा सढळ हाताने ऑक्सिजन देणेही घातक ठरू शकते. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाची पायरी सांगतो, परंतु आतले द्रव्य सांगत नाही. ‘विष’ हा रकाना औषधांच्या यादीत बसत नाही म्हणून तो मोकळ्या मजकुराचा ठेवणे, हे ज्यांना पहिल्या तासात उपचार हवे असतात त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

शेंगा चटणीशिवाय सोलापूरच्या घरात जेवण होत नाही. त्या घरातल्या एखाद्या मुलाला शेंगदाणा बाधत असेल तर ती नोंद आषाढीला पंढरपुरात, पुढे पुण्यात, आणि विजयपूर किंवा कलबुर्गीला मामाकडे गेल्यावर तिथल्या दवाखान्यातही तशीच वाचता आली पाहिजे. आमचे रुग्ण राज्याची हद्द पाहून आजारी पडत नाहीत. मराठीतला ‘शेंगदाणा’, कन्नडमधला ‘कडलेकाई’ आणि तेलुगूमधले ‘वेरुशनगा’ ही एकाच द्रव्याची तीन नावे आहेत हे माझ्या दुकानातल्या पोराला कळते, मग ते राष्ट्रीय प्रणालीला का कळू नये?

‘मानकच अजून तयार नाही’ हे उत्तर मला देऊ नये, ही विनंती. औषधी द्रव्यांची ओळख कशी नोंदवावी याचे आयएसओ ११२३८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. साधी रसायने, प्रथिने, न्यूक्लिक आम्ले, पॉलिमर आणि वनस्पती किंवा लशींसारखी गुंतागुंतीची जैविक द्रव्ये यांची ओळख वेगवेगळ्या निकषांनी पटवावी लागते हे त्यात सांगितलेले आहे. म्हणजे अडुळशालाही त्यात जागा आहे. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटीचा सदस्य आहे, त्यामुळे देशात ते वापरायला परवान्याचे शुल्क पडत नाही. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक संस्थेत, आमच्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि तिथून भारतीय औषधांसाठी समान संकेतांकही प्रसिद्ध केले जातात. आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानके २०१३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. रुग्णांच्या नोंदी एकमेकींना जोडणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, आणि त्यातली माहितीची देवाणघेवाण आरोग्य माहितीची मानके ठरवणाऱ्या एचएल सेव्हन संस्थेच्या ‘फायर’ या मानकावर आधारलेली आहे.

त्या फायर मानकात द्रव्यासाठी स्वतंत्र नमुना आहे. मी अभियंता नाही, पण तो नमुना मी बसून वाचला, कारण त्यात माझ्या रोजच्या कामाचे सर्व प्रश्न विचारलेले आहेत. हे द्रव्य कोणते, याचा रकाना त्यात अनिवार्य आहे. ते औषध आहे, अन्न आहे, रसायन आहे की अ‍ॅलर्जीकारक, हे सांगता येते. त्यात कोणते घटक किती प्रमाणात आहेत, हे मांडता येते. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत ही नोंद द्रव्याच्या प्रकाराची आहे की प्रत्यक्ष नगाची, हे सांगणेही अनिवार्य केले आहे, आणि नग असेल तर त्याची ओळख, मुदत व प्रमाण नोंदवता येते.

इतके असूनही आईच्या केसपेपरवर गंधक का आले, याचे उत्तरही त्याच नमुन्यात आहे. हे मानक साऱ्या जगासाठी असल्यामुळे त्याने ओळखीचा रकाना अनिवार्य केला, पण त्यात कोणती संज्ञावली वापरायची याची सक्ती केली नाही. उदाहरणादाखल एक यादी दिली आणि संकेतांकाऐवजी नुसता मजकूर भरण्याची मुभा ठेवली. आपापल्या देशाने ते घट्ट करावे अशी त्यामागची अपेक्षा असते. त्या मोकळ्या जागेत कोणी ‘सल्फर’ टंकित केले तरी संदेश नियमानुसार वैध ठरतो, तपासणीत उत्तीर्ण होतो आणि पुढच्या रुग्णालयात पोचतो. स्कॅन केलेला कागद जोडला तर तेवढेही होत नाही: नोंद जोडली गेली असे दिसते, पण आतले एक अक्षरही यंत्राला वाचता येत नाही. ही पळवाट बंद करणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी नवा शोध लागत नाही, निर्णय लागतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

द्रव्याच्या नोंदीसाठी राष्ट्रीय नमुना निश्चित करावा आणि त्यात प्रमाणित संकेतांक अनिवार्य करावा. मजकूर सोबत असू द्या, रुग्णाचे स्वतःचे शब्दही जपा, पण केवळ मजकुरावर भागवणारी नोंद प्रणालीने स्वीकारू नये. द्रव्य खरोखरच अज्ञात असेल तर ‘अज्ञात’ असाही संकेतांक असावा, म्हणजे अज्ञान लपणार नाही आणि पुढचा डॉक्टर सावध होईल.

मात्रेचा आकडा मूळ द्रव्याचा आहे की त्याच्या क्षाराचा, हे नोंदवण्याची जागा असावी आणि ती रिकामी सोडता येऊ नये. मिश्रणाचा प्रत्येक घटक वेगळा नोंदवलेला असावा. निष्क्रिय म्हटले जाणारे घटकही त्यात असावेत, कारण छिंदवाड्याच्या मुलांना बाधले ते खोकल्याचे औषध नव्हते, औषधाचा द्राव बनवणाऱ्या भागातून आलेले विष होते.

औषधांबरोबरच अन्नातली अ‍ॅलर्जीकारके, कीटकनाशके व घरगुती रसायने यांची एकच सार्वजनिक द्रव्यसूची ठेवावी, ती विनामूल्य असावी, आणि तिच्यात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू नावे असावीत. कीटकनाशकाच्या व्यापारी नावावरून आतल्या द्रव्यापर्यंत जाण्याची सोय असावी.

वेष्टनावरचा कोड वाचून बॅच आणि मुदत थेट नोंदीत घेण्याची सोय प्रत्येक मान्यताप्राप्त प्रणालीत असावी, आणि एखादी बॅच परत मागवली की ती ज्यांना दिली गेली त्या रुग्णांची यादी रुग्णालयाला आणि दुकानाला त्याच दिवशी काढता यावी.

आजवर मोकळ्या मजकुरात साठलेल्या अ‍ॅलर्जीच्या नोंदी यंत्राकडून परस्पर संकेतांकांत बदलून घेऊ नयेत. तसे केले तर माझ्या आईच्या गंधकाला अधिकृत क्रमांक मिळेल आणि ती चूक कायमची पक्की होईल. प्रत्येक संदिग्ध नोंद औषधनिर्मात्याने किंवा डॉक्टरने रुग्णाला विचारून तपासावी. हे काम मोठे आहे हे मला ठाऊक आहे, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

डॉक्टरांच्या वेळेचा आणि लहान दुकानांच्या खर्चाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. ओपीडीत एका सकाळी शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला संकेतांक पाठ करायला सांगणे क्रूरपणा होईल. तसे कोणी सांगतही नाही. डॉक्टरने नेहमीचे नाव टंकित करावे, यंत्राने त्याखाली योग्य द्रव्ये सुचवावीत आणि निवडताच संकेतांक आपोआप बसावा. त्यासाठी सूची चांगली हवी, आणि ती केंद्रीय खर्चाने सांभाळलेली हवी. लहान दुकानदाराला स्वतंत्र प्रणाली विकत घ्यायला लावू नये.

शेवटची मागणी अशी की ही सुरुवात सोलापूर जिल्ह्यातून करावी, आणि तिची तारीख जाहीर करावी. इथे तीन-चार भाषा आहेत, दोन राज्यांतले रुग्ण आहेत, बागा आहेत, कारखाने आहेत आणि वर्षातून एकदा साऱ्या महाराष्ट्रातून चालत येणारी वारी आहे. जी द्रव्यसूची इथे टिकेल तिला दुसरीकडे फारशी डागडुजी लागणार नाही.

माझ्या काउंटरखाली एक वही आहे. ग्राहक ज्या नावाने औषध मागतात ते नाव डावीकडे आणि ते प्रत्यक्षात कोणते द्रव्य निघाले ते उजवीकडे, अशी मी ती कित्येक वर्षे लिहीत आले आहे. ‘शुगरची पिवळी’, ‘बीपीची बारकी’, ‘लघवीची जळजळ थांबवायची मोठी गोळी’ असे शब्द तिच्यात आहेत, तेलुगू आणि कन्नड नावेही आहेत. ही वही मी आपल्या समितीला विनाअट द्यायला तयार आहे, आणि दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळी बसून तिच्यातल्या नोंदी समजावून सांगायलाही तयार आहे. आईच्या २०१९ च्या डिस्चार्ज कार्डाची आणि ‘गंधक’ छापलेल्या केसपेपरची प्रत या पत्रासोबत जोडत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक औषधनिर्माती, सोलापूर